मराठी दप्तरातील चार काळ : तारीख, पैवस्ती, अंमल आणि हिशेबाचे साल

मराठेशाहीच्या दप्तरातील कोणताही कागद हाती घेतला असता अभ्यासकाची दृष्टी प्रथम त्यावरील तारखेकडे जाते. तारीख लागली की कागद लागला, असा समज संशोधनक्षेत्रात रूढ आहे आणि तो बव्हंशी योग्यही आहे. परंतु ‘कागदाची तारीख’ हा शब्दप्रयोग दिसतो तितका सरळ नाही. एखादी घटना घडली तो दिवस, तिची हकीकत लिहिली गेली तो दिवस, ती हकीकत मुक्कामी पोचली तो दिवस, आणि ज्या सालाच्या हिशेबात ती धरली गेली ते साल, या चार गोष्टी पुष्कळदा चार ठिकाणी असतात. पेशव्यांच्या हुजूर दप्तरातील कारकुनांस हा भेद चांगला ठाऊक होता. प्रत्येकासाठी त्यांच्यापाशी निराळा शब्द होता व कागदावर निराळी जागा होती. त्या कागदांवरून इतिहास लिहिणारांनी मात्र हा भेद नेहमीच पाळला आहे असे म्हणता येत नाही.

प्रथम तारीख लिहिण्याची पद्धती पाहू. रोजच्या कारभारातील पत्रांवर सामान्यतः शुहूर सन आणि मुसलमानी महिन्याची तारीख यांची जोडी आढळते. तारखेपूर्वी ‘छ’ हे अक्षर असते. ते चंद्र या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. त्यापुढे मोहरम, सफर, रजब, साबान, रमजान, सवाल असा महिना व नंतर अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेले साल येते. हे शब्द एकमापासून वर चढत जातात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. मोडी वाचावयास नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यास या शब्दांची प्रथम भीती वाटते. वास्तविक आकड्यापेक्षा हा प्रकार अधिक सुरक्षित आहे. आकड्यात एक फराटा वाढविला की साल बदलते. ‘इसन्ने’चे ‘सलास’ करणे तितके सोपे नाही.

शुहूर सनास मृगसाल असेही नाव आहे, कारण सूर्य मृग नक्षत्री गेला म्हणजे, सांप्रतच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे जूनच्या प्रारंभी, हे साल लागते. त्याचे कारण उघड आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि ऋतूंतून मागे मागे सरकत जाते. शेतसाऱ्याचा कारभार पावसाशी बांधलेला आहे. तो सरकत्या वर्षावर चालवू गेल्यास पीक हाती येण्यापूर्वीच वसुलीचे साल संपावयाचे. म्हणून दक्षिणेत चौदाव्या शतकात वर्षगणना सौर करण्यात आली, महिने व तारखा मात्र हिजरीच ठेवण्यात आल्या. इ. स. १३४४ मध्ये शुहूर आणि हिजरी या दोहोंचा आकडा ७४५ असा सारखाच होता. पुढे चांद्र वर्षे लवकर भरत गेल्याने हिजरी आकडा पुढे गेला. पानिपतच्या वेळी हिजरी ११७४ चालू होते, तर शुहूर ११६१. दक्षिणी फसली साल हेही मृगापासूनच लागे, पण त्याचा आकडा शुहूरपेक्षा नऊने अधिक असे. म्हणजे तेच वर्ष फसली ११७० होय. यांखेरीज शालिवाहन शक होताच. छत्रपतींच्या नावे निघणाऱ्या सनदांवर राज्याभिषेक शक घालीत. तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदले.

सौर साल आणि चांद्र तारीख यांच्या या मिश्रणातून एक चमत्कारिक अडचण उत्पन्न होते, आणि तिचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. शुहूर साल ३६५ दिवसांचे आणि हिजरी महिन्यांचे चक्र ३५४ दिवसांचे. तेव्हा प्रत्येक शुहूर सालात सुमारे ११ तारखा दोनदा येणार, एकदा सालाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. इहिदे सितैन, म्हणजे शुहूर ११६१, हेच साल उदाहरणादाखल घ्यावे. ते १७६० च्या जूनमध्ये लागले तेव्हा सवाल महिन्याचा उत्तरार्ध चालू होता. ते १७६१ च्या जूनमध्ये संपले तेव्हा पुन्हा सवालच संपत आला होता. म्हणून ‘छ २५ सवाल, इहिदे सितैन’ एवढाच निर्देश असलेले पत्र गणिताने १७६० च्या १० जूनच्या सुमारास येऊ शकते, तसेच १७६१ च्या ३० मेच्या सुमारासही येऊ शकते. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडेल तो निराळा. पहिल्या तारखेस सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेच्या वाटेवर होती आणि दिल्ली अद्याप हाती आलेली नव्हती. दुसऱ्या तारखेस पानिपत होऊन साडेचार महिने लोटले होते व नानासाहेब पेशव्यांचे अखेरचे दिवस चालू होते. एकाच तारखेच्या एकाच शब्दांनी कागद या दोहोंपैकी कोठेही जाऊन बसतो. फौजेच्या खर्चाची तरतूद करण्याविषयीचे सामान्य पत्र असेल तर मजकुरावरूनही निर्णय होईलच असे नाही.

कारकुनांस ही अडचण माहीत होती. अशा तारखेपुढे ‘अवल साल’ किंवा ‘अखेर साल’ असे शब्द घातलेले सापडतात, ते याचकरिता. पहिल्याने सालाचा आरंभ व दुसऱ्याने सालाचा शेवट दाखविला जातो. नक्कल करताना हे दोन शब्द गळाले तर कागद एका वर्षाने मागेपुढे होतो. जंत्रीच्या आधारे तारीख काढणारास जंत्रीत दोन ओळी मिळतात आणि त्यांतील पहिली उचलण्याचा मोह होतो. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री किंवा स्वामिकन्नू पिल्ले यांची पंचांगकोष्टके यांनी संशोधकाचे श्रम किती वाचविले हे सांगणे नलगे. पण कोणतीही जंत्री दिलेल्या तारखेचे रूपांतर करून देते. दिलेली तारीख पुरी आहे की अपुरी, हे तिला ठाऊक नसते.

खाजगी पत्रांत तर साल बहुधा नसतेच. ‘मिती पौष शुद्ध अष्टमी’ एवढे लिहिले की पत्र वाचणाऱ्यास पुरे होई, कारण वर्ष त्यास माहीत असे. अशा वेळी वार दिलेला असल्यास तो फार उपयोगी पडतो. मंदवार, इंदुवार, भौमवार, सौम्यवार यांपैकी एक शब्द असला तर तिथी आणि वार जुळणारी वर्षे थोडीच उरतात आणि मजकुराच्या साहाय्याने त्यांतून एक निवडता येते. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांच्या पिढीने सालाविना असलेली अशी कित्येक पत्रे या रीतीने जागेवर बसविली. त्यांच्या निर्णयांपैकी काही पुढे बदलावे लागले, यात नवल नाही. एवढे थोडे बदलावे लागले, हेच नवल आहे.

आता पैवस्तीकडे वळू. पत्र मुक्कामी पोचले म्हणजे ते घेणारा कारकून त्यावर ‘पैवस्ती छ’ असे लिहून पोचल्याची तारीख घाली. मूळ लेखकाच्या हस्ताक्षराहून हे अक्षर निराळे असते, शाई निराळी असते व पुष्कळदा जागाही आडबाजूची असते. याच कारणाने नक्कलकारांच्या व क्वचित संपादकांच्या नजरेतून ती निसटते. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने कित्येकदा मूळ तारखेपेक्षा हीच अधिक मोलाची आहे. लिहिल्याच्या तारखेवरून लिहिणारास काय ठाऊक होते ते समजते. पैवस्तीवरून वाचणारास काय ठाऊक होते व केव्हापासून ठाऊक होते ते समजते. आणि राजकारणातील निर्णयाचे कारण शोधावयाचे असेल तर प्रश्न दुसराच असतो.

पानिपतचेच उदाहरण पुन्हा घ्यावे लागते. युद्ध झाले बुधवारी, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ रोजी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवशी. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेकडे निघाले होते, आणि या पराजयाची बातमी त्यांस भेलसा येथे एका सावकारी पत्रावरून २४ जानेवारीच्या सुमारास कळली, असे सामान्यतः मानले जाते. मधले सुमारे दहा दिवस विलक्षण आहेत. भाऊ पडले आहेत आणि पेशव्यांच्या लेखी ते जिवंत आहेत. त्या दहा दिवसांत हुजुरातून निघालेल्या कोणत्याही हुकमास घटनांच्या तारखेवर बसविले तर तो वेडगळ, बेफिकीर किंवा उशिराचा दिसेल. बातमीच्या तारखेवर बसविला तर तो समंजस दिसेल. पानिपतच्या प्रकरणात पेशव्यांच्या दिरंगाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील काही आक्षेप टिकण्यासारखे आहेत. परंतु कोणत्या दिवशी पेशव्यांपुढे कोणते पत्र होते, याचा पैवस्तीवार तक्ता आधी मांडल्यावाचून हा वाद घालणे म्हणजे पुराव्याशिवाय निवाडा सांगणे होय. ही बातमी प्रथम सावकारी वाटेने आली हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांचा पैसा दूरदेशी गुंतला होता त्यांचे जासूद त्वरा करीत.

सावकारांचा उल्लेख आला म्हणून हुंडीविषयी दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावयाची, आणि मुदती हुंडी ठरलेली मुदत भरल्यावर. मुदती हुंडीचा व्यवहार पुरा व्हावयाचा तर लिहिल्याची मिती, मुदत भरण्याची मिती आणि प्रत्यक्ष पैसा मिळाल्याची मिती, अशा तीन मित्या सांभाळाव्या लागतात. व्याज व बट्टा यांचा सारा झगडा या तीन मित्यांमधील अंतराचाच असतो. तेव्हा काळाचे प्रकार निरनिराळे लिहून ठेवण्याची सवय सरकारी दप्तरानेच लावली असे समजण्याचे कारण नाही. ती पेढीवरही होती. दप्तरात व पेढीवर कीर्द व खतावणी हे शब्द एकच असावेत, हेही अर्थपूर्ण आहे.

हुजूर दप्तराची रचना पाहिली म्हणजे हा भेद व्यवस्थेतच कसा मुरलेला होता ते दिसते. दप्तराच्या दोन मुख्य शाखा होत्या, चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालत्या दप्तरात फड व बेहेडा ही खाती येत. फडावरून हुकूम व सनदा निघत आणि रोजकीर्द लिहिली जाई. एकबेरीज दप्तर पुण्यास कायम असे. चालत्या कामात ज्यांची गरज उरली नाही असे हिशेब तेथे जात व त्यांवरून खतावण्या, ताळेबंद, तर्जुमे तयार होत. रोजकीर्द ही दिवसाच्या क्रमाने चाले. आज जे घडले, आले, दिले किंवा आज ज्यास मान्यता मिळाली, ते आजच्या तारखेखाली. खतावणी ही बाबींच्या क्रमाने चाले. तेथे एका माणसाचे, एका महालाचे, एका पथकाचे सगळे व्यवहार एकत्र येत. पहिली वही दप्तरास काय केव्हा कळले हे सांगते. दुसरीवरून कोणाचे काय केव्हापासून आहे हे कळते. दोन्ही वह्या असल्यावाचून यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर सोडावे लागते.

रोजकीर्दीतील नोंदींच्या शेवटी येणारे दोन शेरे येथे विशेष पाहण्यासारखे आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या व विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या रोजनिशीच्या खंडांत ते वारंवार भेटतात. एक ‘परवानगी रूबरू’, म्हणजे धन्याने समक्ष तोंडी आज्ञा दिली, व दुसरा ‘रसानगी यादी’, म्हणजे लेखी यादी आली व तिच्या आधारे नोंद केली. पहिल्या प्रकारात आज्ञा व नोंद यांत फारसे अंतर राहण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारात यादी आधीची असून नोंद नंतरची असू शकते. रोजकीर्दीतील तारखेस निर्णयाची तारीख समजण्यापूर्वी हा शेरा वाचणे अवश्य आहे.

याहून महत्त्वाचे शब्द म्हणजे ‘इस्तकबील’ व ‘तागाईत’. इस्तकबील अमुक तारीख, तागाईत अमुक तारीख, म्हणजे अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. शिबंदीचा रोजमुरा, कमावीसदाराची नेमणूक, एखाद्या गावास दिलेली सूट, या सर्वांचा अंमल याच दोन शब्दांनी बांधलेला असे. यास नोंदीच्या तारखेचे बंधन नव्हते. आजच्या रोजकीर्दीत आजच्या तारखेखाली असे लिहिता येई की अमक्याची नेमणूक मागील सालापासून मंजूर, किंवा पुढील सालापासून बंद. ‘सालगुदस्त’, ‘सालमजकूर’ व ‘पेस्तर साल’ या शब्दांचाही उपयोग असाच. गतवर्षाची बाकी यंदा आली तर पैसा यंदाच्या कीर्दीत जमा होई, परंतु ती ‘सालगुदस्त बाबत’ म्हणून, यंदाच्या उत्पन्नात नव्हे. उलट मामलेदाराने वसूल होण्यापूर्वीच सरकारात भरलेली रसद पैसा म्हणून आधी येई, तिचे उत्पन्न मागाहून पिके. अजमास, बेहेडा, ताळेबंद या क्रमात प्रथम येणारे अंदाजाचे साल व शेवटी येणारे प्रत्यक्षाचे साल एकच असते. पण त्या सालाविषयी दप्तराचे मत या तीन कागदांत तीन वेळा बदललेले असते, आणि तिन्ही मते जपून ठेवली जातात. ताळेबंद झाला म्हणून अजमास फाडून टाकला असता तर एखाद्या मामलेदाराने किती आशा दाखविली व किती वसूल केला, हे पाहण्याचे साधनच उरले नसते.

आकड्यांवर इतिहास लिहिणारास याचा फार उपयोग आहे, आणि धोकाही आहे. एखाद्या प्रांताचे सालवार उत्पन्न काढताना रोजकीर्दीतील जमा एकत्र केली तर दुष्काळानंतरच्या वर्षी उत्पन्न अकस्मात वाढलेले दिसेल. ती वाढ पिकाची नसून तुंबलेल्या बाकीची असेल. ताळेबंद पाहिला तर ती बाकी आपल्या मूळ सालात गेलेली दिसेल. दोन्ही आकडे खरे आहेत. एक तिजोरीचा आहे आणि एक जमिनीचा. पेशव्यांच्या कर्जबाजारीपणाचा विचार करताना तिजोरीचा आकडा हवा. रयतेच्या स्थितीचा विचार करताना जमिनीचा हवा. एकाच कोष्टकात दोन्ही मिसळल्यास निघणारे अनुमान कोणत्याच प्रश्नाचे उत्तर ठरत नाही.

या सर्वांच्या उलट टोकास शकावल्या व बखरी आहेत. जेधे शकावलीत घटनांच्या तिथ्या आहेत व त्या सामान्यतः विश्वसनीय ठरल्या आहेत. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही त्याच शकावलीने दिलेली. परंतु प्रत्येक टिपण केव्हा लिहिले गेले ते शकावली सांगत नाही. घटनेचा काळ आहे, नोंदीचा नाही. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिली गेली. म्हणजे तिचा लेखनकाल ठाऊक आहे, पण आतील घटनांच्या तिथ्या फार थोड्या. बखरीस अविश्वसनीय म्हणण्याची जी चाल पडली तिच्या मुळाशी हाच दोष आहे. तिच्यात असत्य अधिक आहे असे नव्हे. तिच्यातील वाक्य तपासावयास दोन काळ लागतात व ती एकच देते.

कोकणपट्टीचा अभ्यास करणारास आणखी एक वर्ष सांभाळावे लागते. गोव्यात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनच नवे ग्रेगरी पंचांग चालू होते. मुंबईचे इंग्रज मात्र १७५२ च्या सप्टेंबरपर्यंत जुने जूलियन पंचांग वापरीत, आणि अठराव्या शतकात या दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. म्हणून १७३९ च्या वसईच्या तहाची तारीख काही ग्रंथांत ५ मे व काहींत १६ मे आढळते, आणि मराठ्यांनी किल्ल्याचा ताबा घेतल्याची १२ मे व २३ मे. या चार तारखा पाहून घटनाक्रमाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. दिवस दोनच आहेत. इंग्रजी वर्षही १७५२ पूर्वी कायद्याने २५ मार्चपासून लागे, तेव्हा जानेवारी ते मार्च या तिमाहीतील मुंबईच्या कागदांचे साल सावधपणे वाचावे.

संगणकावरील माहितीकोशांच्या शास्त्रात हाच प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यास मनोरंजक वाटेल. व्यापारी पेढ्या, विमा कंपन्या, बँका यांच्या नोंदी आरंभी अशा ठेवल्या जात की नवी माहिती आली म्हणजे जुनी पुसली जाई. १९८५ मध्ये रिचर्ड स्नॉडग्रास व इल्सू आन यांनी माहितीकोशातील काळाचे वर्गीकरण मांडले. वस्तुस्थिती ज्या अवधीत खरी होती तो वैधकाल आणि ती नोंदीत ज्या अवधीत होती तो नोंदकाल, हे दोन स्वतंत्र मानले पाहिजेत, हा त्यातील मुख्य विचार. पुढे माहितीकोशांच्या एसक्यूएल या भाषेच्या २०११ च्या प्रमाणात या दोन्ही काळांची सोय करण्यात आली. एखाद्या ग्राहकाचा पत्ता मार्चपासून बदलला असून कचेरीस ते मे महिन्यात कळले, तर एप्रिलमध्ये जुन्या पत्त्यावर पत्र पाठविणारा कारकून चुकला की नाही, हे ठरविण्यास दोन्ही तारखा लागतात. भेलशाच्या मुक्कामी असलेल्या पेशव्यांच्या हुकमांविषयीचा प्रश्न याच जातीचा आहे. यावरून हुजूर दप्तरात आधुनिक शास्त्र आधीच होते असा अभिमान धरणे बालिशपणाचे होईल. कारकुनांनी कोणताही सिद्धान्त मांडला नव्हता. त्यांना हिशेबाची झडती द्यावयाची होती, आणि झडतीच्या भीतीने माणूस पुष्कळ बारकावे शिकतो.

या बारकाव्यांची खरी कसोटी लागली ती मराठी राज्य बुडाल्यानंतर. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यातील इनामांची चौकशी हाती घेतली व १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार दिले. पिढ्यानपिढ्या जमीन खाणाऱ्या कुटुंबांस आपली सनद पुढे करावी लागली आणि ती सनद पेशव्यांच्या दप्तराशी ताडून पाहिली जाऊ लागली. या ठिकाणी नोंदकाल व वैधकाल यांतील फरक म्हणजे एखाद्या घराच्या भाकरीचा प्रश्न होता. सनद बनावट करणे शक्य होते. जुना कागद मिळविता येतो, शिक्का कोरता येतो, ‘इस्तकबील’पुढे हवे ते साल घालता येते. परंतु रोजकीर्दीच्या भरलेल्या पानात, आदल्या व पुढच्या नोंदीच्या मध्ये, पन्नास वर्षांपूर्वीच्या दिवशी नवी ओळ घुसविता येत नाही. मराठी कागदावर मजकुराच्या शेवटच्या अक्षरालगत मोर्तब करण्याची व पाठीमागे कागदाच्या सांध्यावर शिक्का उठविण्याची चाल होती ती याच धोरणाची. मजकूर येथे संपला, यापुढचे आमचे नव्हे.

तथापि नोंद नाही म्हणून सनद खोटी, हे अनुमान सर्वत्र न्याय्य नव्हते. दप्तर अखंड असेल तरच मौनास पुराव्याचे मोल येते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत दप्तराची आबाळ झाली, कागद लोकांनी नेले, वह्या नियमाने लिहिल्या गेल्या नाहीत. त्या काळातील देणग्यांची नोंद न सापडणे याचा अर्थ नाना फडणिसांच्या काळातील देणगीची नोंद न सापडण्यासारखा नाही. वहीच्या मौनालाही तारीख असते, आणि ती पाहूनच त्याचा अर्थ करावा लागतो. मराठा मुलुखात या चौकशीविरुद्ध जो असंतोष माजला त्यास राजकीय कारणे होतीच. पण नोंदीच्या अभावास हक्काचा अभाव समजण्याची वृत्ती हेही एक कारण त्यांत धरावयास हवे.

छापील साधनग्रंथांवर काम करणारास याच संदर्भात एक सूचना करणे आवश्यक वाटते. सरदेसाईंच्या देखरेखीखाली १९३० पासून प्रसिद्ध झालेले पेशवे दप्तराचे ४५ भाग किंवा वाडांचे रोजनिशीचे खंड हे निवडक उतारे आहेत. वाडांनी ते विषयवार लावले आहेत. त्यामुळे न्याय, जकाती, किल्ले या विषयांचा अभ्यास फार सोपा झाला, आणि रानड्यांसारख्या विचारवंतास १९०० मध्येच त्यांवरून पेशवाईच्या कारभाराचे चित्र मांडता आले. परंतु निवड म्हणजे नोंद तिच्या दिवसाच्या रांगेतून उचलणे. आधी काय लिहिले होते, नंतर काय, त्या दिवशी आणखी कोणती पत्रे पैवस्त झाली, हे सर्व त्या उचलण्यात मागे राहते. काळाविषयीचा प्रश्न असेल तेव्हा मूळ रुमाल सोडून पाहण्यास पर्याय नाही.

दप्तराची ही परंपरा सर्वस्वी लोपली असेही नाही. १९०३ च्या मुंबई इलाख्याच्या हक्कनोंदणीच्या कायद्याने जी पद्धत आणली तिच्यात, आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, जमिनीवरील हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास कळविण्याचे बंधन हक्कदारावर आले. म्हणजे हक्क मिळाल्याचा दिवस व तो कळविल्याचा दिवस हे दोन आहेत, हे कायद्यानेच गृहीत धरले. फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद अनुक्रमाने पडते व मंडळ अधिकारी ती तपासून प्रमाणित करतो, हा तिसरा दिवस. महसुली साल १ ऑगस्टपासून मोजले जाते, सरकारचे आर्थिक साल १ एप्रिलपासून. सातबाराच्या उताऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव पुसत नाहीत. त्यास कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात, त्या क्रमांकावरून मागची वही काढून पाहता यावी म्हणून.